पुस्तकी किमतीच्या निम्म्यात घेतलेला तेल कंपनीचा शेअर

डिसेंबर २०१८ मध्ये मी एका छोट्या खासगी तेल-वायू उत्खनन कंपनीचे १,२०० शेअर सरासरी ६२ रुपयांनी घेतले. ताळेबंदाप्रमाणे त्या शेअरचे पुस्तकी मूल्य (मालमत्तेतून देणी वजा करून एका शेअरच्या वाट्याला येणारी रक्कम) १३१ रुपये होते, कंपनीवर दीर्घ मुदतीचे कर्ज जवळजवळ नव्हते आणि मागील वर्षाचा प्रतिशेअर नफा १२ रुपयांच्या आसपास होता. म्हणजे नफ्याच्या पाचपट भाव आणि पुस्तकी किमतीच्या निम्म्याहून कमी दाम. सहकारी साखर कारखान्याच्या लेखा विभागात सत्तावीस वर्षे काढलेल्या माणसाला असा ताळेबंद दिसला की त्याचा हात आपोआप खिशाकडे जातो; माझाही गेला. आता सात वर्षे होऊन गेली आहेत, निम्मे शेअर विकले आहेत, निम्मे अजून डीमॅट खात्यात पडून आहेत, तेव्हा या वस्तूचे परीक्षण लिहायला हरकत नाही.

कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही. एक तर मी सेबीकडे, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाकडे, नोंदलेला सल्लागार नाही. दुसरे म्हणजे, तिचे बाजारात फिरणारे शेअर इतके थोडे आहेत की चार-दोन माणसांनी हे वाचून खरेदी केली तरी भाव हलेल, आणि ते मला नको आहे. एवढे सांगतो की तिच्याकडे जमिनीवरच्या एका जुन्या तेलक्षेत्राचा मोठा हिस्सा आणि समुद्रातील एका ब्लॉकमध्ये, म्हणजे सरकारने उत्खननासाठी दिलेल्या पट्ट्यात, छोटा हिस्सा होता. भारतातल्या बहुतेक छोट्या उत्खनन कंपन्यांचे चित्र साधारण असेच असते. म्हणून पुढे लिहिलेले बरेचसे त्या सगळ्यांना लागू पडावे.

भाव त्या वेळी का पडला होता हे आधी सांगितले पाहिजे. ऑक्टोबर २०१८ च्या सुरुवातीला ब्रेंट जातीचे कच्चे तेल पिंपाला ८६ डॉलरवर होते आणि नाताळापर्यंत ते ५० डॉलरच्या जवळ आले. अशा घसरणीत ओएनजीसीसारखी मोठी कंपनी पडते ती हळूहळू पडते; छोट्या कंपनीच्या शेअरला मात्र खरेदीदारच उरत नाही. मी खरेदी केली ती याच काळात, आणि मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटून घेतली. वहीच्या मागच्या पानावर केलेले गणित असे होते: ताळेबंदात प्रतिशेअर ३८ रुपये रोख व बँक शिल्लक दिसते, भाव ६२ आहे, म्हणजे तेलाचा सगळा धंदा आपल्याला २४ रुपयांत मिळतो आहे.

हे गणित चुकले होते, आणि चूक कुठे झाली ते कळायला मला दोन वर्षे लागली. वार्षिक अहवालाच्या शेवटी ज्या टिपा असतात, त्यांतल्या बँक शिल्लकीच्या टिपेत दोन ओळी होत्या. पहिल्या ओळीत चालू खाती आणि मुदत ठेवी. दुसऱ्या ओळीत, बारीक अक्षरांत, ‘साइट रिस्टोरेशन फंड व हमीपोटी ठेवलेल्या रकमा’. तेलक्षेत्र संपले की विहिरी सिमेंटने बुजवून, यंत्रे उचलून, जमीन पूर्ववत करून द्यावी लागते; त्यासाठी कंपन्या १९९९ च्या योजनेनुसार भारतीय स्टेट बँकेत वेगळी रक्कम ठेवतात आणि आयकरात त्यावर वजावटही घेतात. ती रक्कम ताळेबंदात कंपनीचीच दिसते, तिच्यावर व्याजही जमा होते, पण तिला हात लावता येत नाही. आमच्या कंपनीत अशी रक्कम प्रतिशेअर २१ रुपये निघाली. म्हणजे खरी मोकळी रोख ३८ नव्हे, १७ रुपये होती. साखर कारखान्यात आम्ही ऊसउत्पादकांच्या परतीच्या ठेवी कधी कारखान्याचा पैसा म्हणून मोजल्या नाहीत. मग इथे डोळ्यांवर पट्टी का आली, याचे उत्तर मला अजून देता येत नाही.

दुसरी बाजू पुस्तकी मूल्याची. १३१ रुपयांत होते काय? रोख आणि येणी बाजूला काढली तर उरलेली बहुतेक रक्कम विहिरींवर झालेला खर्च होती. उत्खनन कंपनीच्या ताळेबंदात तेल लिहिलेले नसते, भोक लिहिलेले असते. जमिनीखाली किती तेल आहे, ते आज कोणत्या भावाने विकले जाईल, याचा त्या आकड्याशी थेट संबंध नसतो. ते भोक पाडायला किती पैसे लागले, त्यातला अजून किती खर्ची टाकायचा राहिला आहे, एवढेच तो आकडा सांगतो. त्यातही ‘फुल कॉस्ट’ नावाच्या पद्धतीत कोरड्या गेलेल्या विहिरींचा खर्चसुद्धा मालमत्तेत धरला जातो, आणि ‘सक्सेसफुल एफर्ट्स’ पद्धतीत कोरड्या विहिरीचा खर्च त्याच वर्षी नफ्यातून वजा होतो. म्हणून दोन तेल कंपन्यांच्या पुस्तकी मूल्यांची तुलना करण्यापूर्वी त्यांची लेखापद्धती कोणती हे पाहिले नाही, तर ती तुलना व्यर्थ आहे.

हे मराठवाड्यातल्या माणसाला वेगळे समजावून सांगण्याची खरे तर गरज नाही. २०१६ साली, ज्या वर्षी मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले, त्या उन्हाळ्यात आमच्या थोरल्या बंधूंनी, म्हणजे अण्णांनी, औसा तालुक्यातल्या शेतात तीन बोअर घेतले. तमिळनाडूची मशीन रात्री अकराला आली, सोबतचा एजंट दर फुटाचा भाव सांगत होता आणि तीनशे फुटांनंतर तो वाढणार हेही आधीच सांगून मोकळा झाला होता. पाणाड्याने नारळ तळहातावर उभा करून जागा दाखवली होती. पहिला बोअर ४१० फुटांपर्यंत गेला आणि शेवटपर्यंत नुसता फुफाटा उडत राहिला; दुसऱ्याला गेरूच्या थरात थोडी ओल लागली आणि पुन्हा काळा पाषाण; तिसऱ्याला ३८० फुटांवर दीड इंच पाणी लागले. अण्णांच्या वहीत तिन्ही बोअरचा खर्च एकाच पानावर आहे. उद्या कोणी ते पान पाहून शेताची किंमत ठरवू लागला, तर दोन कोरड्या भोकांचे पैसेही त्याला भरावे लागतील. मी शेअर घेतल्याचे ऐकल्यावर अण्णा एवढेच म्हणाले, “तेलाची कंपनी घेतलाव म्हणं. हितं आपल्याला पाणी लागंना, तुमाला तेल कुठलं लागायलंय?”

अण्णांचा टोमणा भूगर्भशास्त्राच्या दृष्टीने अगदीच चुकीचा नव्हता. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला शास्त्रज्ञांनी जो खोल बोअर घेतला, तो ६१७ मीटरपर्यंत गेला. त्यात वरचे ३३८ मीटर काळा बेसाल्ट, मग जेमतेम काही मीटर गाळाचा थर आणि त्याखाली थेट अतिप्राचीन स्फटिकी खडक लागला. तेल साचायला हजारो मीटर जाडीचे गाळाचे खडक लागतात; ते खंभातच्या खोऱ्यात आहेत, बारमेरला आहेत, आसामात आहेत, मुंबईच्या समुद्रात आहेत, आमच्याकडे नाहीत. पण एक फरक आहे आणि तो गुंतवणूकदाराच्या बाजूचा आहे. आमच्या पाषाणात पाणी भेगांमध्ये असते, म्हणून शेजारच्या बोअरला पाणी लागले याचा आपल्या बोअरला काही उपयोग होत नाही. गाळाच्या खडकात मात्र थर दूरवर पसरलेले असतात, त्यामुळे ज्या क्षेत्रात आधीच दहा विहिरी चालू आहेत तिथे अकरावी विहीर यशस्वी होण्याची शक्यता नव्या ब्लॉकमधल्या पहिल्या विहिरीपेक्षा पुष्कळ जास्त असते. छोटी कंपनी पुढचा पैसा जुन्या क्षेत्रात घालणार आहे की नव्या, हा प्रश्न म्हणूनच भाव विचारण्याआधी विचारायला हवा. मी तो विचारला नव्हता.

साठ्यांच्या आकड्यांबाबत तर मी आता फार सावध झालो आहे. ‘जमिनीत असलेले’ आणि ‘बाहेर काढता येण्याजोगे’ हे दोन वेगळे आकडे आहेत. तेलाच्या बाबतीत जमिनीत असलेल्यापैकी साधारण तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही कमी वर येतो. बाहेर काढता येणाऱ्या साठ्याचेही पुन्हा खात्रीचा, संभाव्य आणि शक्य असे तीन टप्पे असतात, आणि कंपनीच्या सादरीकरणात ठळक छापलेला आकडा बहुधा त्यांतला सर्वांत मोठा असतो. मोठ्यांचीही इथे फसगत झाली आहे. २००५ साली गुजरात राज्य पेट्रोलियम महामंडळाने कृष्णा-गोदावरी खोऱ्यात २० लाख कोटी घनफूट वायू असल्याचे जाहीर केले. पुढे विकास आराखड्यात तो आकडा साधारण दहाव्या हिश्श्यावर आला आणि २०१७ मध्ये त्यातला ८० टक्के वाटा ओएनजीसीकडे गेला. त्याच खोऱ्यातल्या रिलायन्सच्या डी-६ ब्लॉकमध्ये एप्रिल २००९ मध्ये वायू निघू लागला, २०१० मध्ये उत्पादन दिवसाला सहा कोटी घनमीटरच्या आसपास पोहोचले आणि त्यानंतर तीन-चार वर्षांत ते पाव हिश्श्यावर उतरले. ज्यांच्याकडे जगातले उत्तम तज्ज्ञ आणि अमाप पैसा होता त्यांचे अंदाज असे चुकले, तर खोदकामाच्या एका यंत्राचे, म्हणजे रिगचे, भाडे भरताना दम लागणाऱ्या कंपनीच्या अंदाजावर आपण किती विसंबावे हे ज्याचे त्याने ठरवावे.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे नफ्याच्या पाचपट भाव स्वस्त होता की नव्हता. साखर कारखान्यात घसारा ही बहुतांशी वहीतली नोंद असते. गाळपयंत्रे नीट सांभाळली तर तीस वर्षे चालतात आणि ऊस दरवर्षी नव्याने उगवतो. तेलाच्या विहिरीतून काढलेले पिंप परत भरत नाही. दाब कमी होतो, तेलाबरोबर येणाऱ्या पाण्याचे प्रमाण वाढते, पंप बसवावा लागतो आणि उत्पादन वर्षागणिक घसरते. आमच्या कंपनीच्या चार अहवालांतून मी जुन्या क्षेत्राचे उत्पादन उतरवून काढले तेव्हा ते दरवर्षी सुमारे १२ टक्क्यांनी कमी होत होते, आणि खात्रीचा साठा त्या गतीने सहा-सात वर्षांचा होता. नव्या विहिरींवरचा खर्च न धरता कंपनीच्या हाती पहिल्या वर्षी प्रतिशेअर १५ रुपये रोख येत असतील आणि ते दरवर्षी १२ टक्क्यांनी घटत असतील, तर सहा वर्षांत मिळून सुमारे ६७ रुपये येतात. १२ टक्के व्याजदर धरून त्यांची आजची किंमत काढली तर ती ४८ रुपयांच्या आसपास भरते. त्यात मोकळी रोख १७ रुपये मिळवा, झाले ६५. भाव होता ६२. ज्या शेअरला मी निम्म्यात मिळालेला माल समजत होतो, तो जवळजवळ बरोबर भावात मिळत होता. नव्या विहिरींतून काही निघाले तर तो फायदा फुकटात होता, एवढेच त्यातले खरे स्वस्तपण.

हे गणित शाळकरी आहे, त्यात तेलाचा भाव स्थिर धरला आहे, कराचे बारकावे वगळले आहेत, हे मला मान्य आहे. पण ते खरेदीच्या दिवशी केले असते तर मी १,२०० ऐवजी ४०० शेअर घेतले असते.

कराचे बारकावे मात्र पूर्ण वगळता येत नाहीत, कारण या धंद्यात सरकार हा न दिसणारा सर्वांत मोठा भागीदार असतो. क्षेत्र कोणत्या काळातल्या कराराखाली मिळाले आहे यावर सगळे अवलंबून असते. जुन्या काळातल्या काही क्षेत्रांवर रॉयल्टीशिवाय कच्च्या तेलाच्या किमतीच्या २० टक्के उपकर लागतो; २०१६ च्या अर्थसंकल्पापूर्वी तो टनाला ४,५०० रुपये असा ठोक होता. १९९९ नंतरच्या नव्या धोरणातल्या ब्लॉकांना हा उपकर नाही, पण नफ्यातला वाटा द्यावा लागतो. २०१६ पासूनच्या धोरणात नफ्याऐवजी उत्पन्नातच वाटणी होते. कराराची मुदत संपत आली की मुदतवाढ मिळते, पण ती जुन्याच अटींवर मिळत नाही. आमच्या कंपनीच्या अहवालात कराराची मुदत एका कोष्टकात, अठ्ठेचाळिसाव्या पानावर होती. अध्यक्षांच्या पत्रात तिचा उल्लेख नव्हता.

छोटेपणाचा एक फायदाही याच करप्रकरणात दिसला, तोही सांगायला हवा. १ जुलै २०२२ रोजी केंद्र सरकारने देशात निघणाऱ्या कच्च्या तेलावर टनाला २३,२५० रुपये जादा कर बसवला आणि त्या दिवशी तेल कंपन्यांचे शेअर कोसळले. आमचाही शेअर खाली आला. मात्र आदल्या आर्थिक वर्षात २० लाख पिंपांपेक्षा कमी उत्पादन असलेल्या कंपन्यांना हा कर लागू नाही, असे त्याच घोषणेत लिहिलेले होते, आणि आमची कंपनी त्या मर्यादेच्या कितीतरी आत होती. बाजाराने ती ओळ वाचायला काही दिवस घेतले. स्वस्त शेअर म्हणतात तो खरा तेव्हा होता. पुस्तकी मूल्याकडे बघून मी घेतला तेव्हा नव्हता. तो कर डिसेंबर २०२४ मध्ये रद्दही झाला.

मधल्या काळाबद्दल थोडक्यात. मार्च २०२० मध्ये शेअर २४ रुपयांपर्यंत घसरला. १३ आणि २३ मार्चला सगळा बाजारच दहा टक्के पडून काही काळ थांबवावा लागला होता. पुढे २० एप्रिलला अमेरिकेतला तेलाचा वायदा उणे ३७ डॉलरवर बंद झाला आणि आपल्याकडे एमसीएक्स या वायदेबाजारात पिंपाला उणे २,८८४ रुपयांनी हिशेब चुकता झाला. लातूरच्या आडत बाजारात डाळीबरोबर वायद्यांतही हात घालणाऱ्या काहींचे त्या रात्री काय झाले ते इथे लिहिण्याचे कारण नाही. माझे १,२०० शेअर तेव्हा विकायचे ठरवले असते तरी विकले गेले नसते, कारण सलग काही दिवस पडद्यावर खरेदीदारांचा रकाना रिकामा होता. त्याच भावात आणखी घ्यावेत असेही मनात आले होते, घेतले नाहीत. धाडस झाले नाही, हे सरळ कारण आहे.

२०२१ मध्ये कंपनीने नव्या जागी विहीर खोदली. शेअर बाजाराला पाठवलेल्या पत्रात तीन ओळी होत्या: ठरलेल्या खोलीपर्यंत खोदकाम झाले, व्यापारी दृष्ट्या पुरेसे हायड्रोकार्बन (तेल-वायू) आढळले नाहीत, विहीर बुजवून सोडण्यात येत आहे. अण्णांच्या शेतातला फुफाटा मला त्या ओळींत दिसला. त्या वर्षीच्या ताळेबंदात मोठी रक्कम निर्लेखित झाली, म्हणजे मालमत्तेतून कायमची वजा झाली, आणि १३१ रुपयांचे पुस्तकी मूल्य ८८ वर आले. गंमत अशी की त्यानंतरच्या वर्षात भाव चढला, कारण फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि मार्चमध्ये ब्रेंट काही काळ १३० डॉलरच्या वर गेले. कंपनीची विहीर कोरडी, भाव मात्र दुप्पट. जूनमध्ये ११२ रुपयांनी मी ६०० शेअर विकले. त्यात कंपनीचे कर्तृत्व काही नव्हते आणि माझेही नव्हते.

सेवा म्हणून पाहिले तर कंपनीला मी मध्यम गुण देईन. तिमाही निकाल वेळेवर येतात, पण त्यांत विहीरनिहाय उत्पादन नसते. ते हायड्रोकार्बन महासंचालनालयाच्या वार्षिक अहवालातून आणि पेट्रोलियम मंत्रालयाच्या मासिक आकड्यांतून जुळवून काढावे लागते, आणि तेही पूर्ण जुळत नाही. वार्षिक सभा दूरदृश्य पद्धतीने होऊ लागल्यापासून लातूरला बसून प्रश्न विचारता येतो, ही मोठी सोय झाली आहे. मी मोकळ्या रोखीबद्दल प्रश्न विचारला तेव्हा अध्यक्षांनी “सविस्तर कळवू” म्हणून पुढच्या भागधारकाकडे मोर्चा वळवला. मला वाटले विषय संपला. पण अकराव्या दिवशी कंपनी सचिवांकडून दोन पानी उत्तर आले, आकड्यांसह. एवढ्या छोट्या कंपनीकडून मी ते अपेक्षिले नव्हते. लाभांश सात वर्षांत दोनदाच मिळाला, एकदा २ रुपये आणि एकदा ३.

ज्याच्यामार्फत खरेदी केली त्या लातूरच्या गंजगोलाईजवळच्या सबब्रोकरबद्दलही एक तक्रार नोंदवतो. पहिले ३०० शेअर घेताना मी भाव ठरवून ऑर्डर टाकायला सांगितले होते. त्याने घाईत ‘बाजारभाव’ निवडला आणि पडद्यावर ६१ दिसत असताना ६५ रुपयांनी खरेदी झाली. विक्रेतेच इतके थोडे होते की तीनशे शेअरच्या मागणीने भाव चार रुपये वर गेला. त्याने चहा पाजला, चूकही मान्य केली, पण बाराशे रुपये गेले ते गेलेच. पुढचे ९०० शेअर मी पन्नास-पन्नास, शंभर-शंभर करून तीन आठवड्यांत ६१ च्या सरासरीने घेतले. छोट्या कंपनीत एका दिवसात आत शिरणे आणि एका दिवसात बाहेर पडणे, दोन्ही महाग पडते.

हिशेब असा. गुंतवले ७४,४०० रुपये. निम्म्या शेअरच्या विक्रीतून ६७,२०० आले, लाभांशाचे ४,२०० आले, आणि उरलेल्या ६०० शेअरची किंमत ८८ रुपयांच्या आजच्या भावाने ५२,८०० होते. एकूण १,२४,२००, कर आणि दलाली वजा न करता. तेच पैसे बँकेत सात टक्क्यांच्या मुदत ठेवीत ठेवले असते तर सात वर्षांत सुमारे १,१९,५०० झाले असते. विक्रीचे पैसे मधल्या काळात दुसरीकडे कामाला लागले होते, ते धरले तर शेअरचे पारडे थोडे आणखी जड होते. पण २४ रुपयांचा भाव पाहून ज्या रात्री झोप आली नाही त्यांचा हिशेब कोणत्या रकान्यात लिहायचा हे लेखा विभागात आम्हाला कोणी शिकवले नव्हते.

तरीही मी ही वस्तू वाईट म्हणणार नाही. जी कंपनी कर्जाशिवाय चालते, जुन्या क्षेत्रातच विहिरी वाढवते, स्वतः खोदकाम चालवते किंवा निदान भागीदाराच्या भरवशावर नसते, आणि जिचा करार अजून दहा-बारा वर्षांचा आहे, अशी कंपनी मोकळ्या रोखीच्या दीडपट-दुपटीने मिळाली तर मी पुन्हा घेईन. समुद्रातल्या ब्लॉकमध्ये छोटा हिस्सा असलेली घेणार नाही. तिथे मोठा भागीदार खर्चाची मागणी पाठवतो तेव्हा छोट्याला नाही म्हणता येत नाही आणि हो म्हणायला पैसे नसतात, मग नवे शेअर काढून आपला वाटा पातळ केला जातो. निवृत्तिवेतनावर घर चालणाऱ्यांनी आणि सोयाबीनचे पैसे पुढच्या पेरणीसाठी बाजूला ठेवणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये, कारण ज्या महिन्यात पैसे हवेत त्याच महिन्यात खरेदीदाराचा रकाना रिकामा असण्याचा संभव इथे फार आहे.

उरलेले ६०० शेअर सध्या ठेवले आहेत. कंपनी येत्या हंगामात जुन्या क्षेत्रात दोन विहिरी खोदणार असल्याचे तिने कळवले आहे. त्या विहिरींवरचा खर्च मोकळ्या रोखीतून होणार की कर्ज काढून, हा प्रश्न मी सप्टेंबरच्या सभेसाठी लिहून ठेवला आहे. कर्ज काढून असेल तर त्या आठवड्यापासून पन्नास-पन्नास करून विकायला लागेन, आणि या खेपेला ऑर्डर मी स्वतः मोबाइलवरून टाकणार आहे.